ट्रॉम्सोत आठ तास

परवा पुतणीचा फोन आला. येत्या उन्हाळ्यात ती आणि जावईबापू नॉर्वेच्या क्रूझला निघाले आहेत. "काका, तुम्ही जाऊन आलात ना! बोट ट्रॉम्सोला एक दिवस थांबते, तेवढ्या वेळात काय काय बघायचं ते सांगा." मी म्हटलं, फोनवर काय सांगू, लिहूनच पाठवतो. मास्तर माणूस, यादी करायची म्हटली की हात शिवशिवतात. लिहायला बसलो, दोन ओळी झाल्या आणि अडकलो. कारण त्या दिवसाची यादी लिहायची तर त्याबरोबर एक जुनी गोष्टही लिहावी लागणार. ती मी जून २०२४ पासून टाळतोय, आणि खरं तर त्याच्याही फार आधीपासून. असो. आज लिहूनच टाकतो. पुतणीने तिला हवं तेवढं वेचून घ्यावं.

तर आमची ही सहल मुलाने ठरवली. तो इंग्लंडात असतो. "बाबा, पस्तीस वर्षं पोरांना मध्यरात्रीचा सूर्य शिकवलात, एकदा बघून तरी या." आता हे खरंच आहे. १९७२ ते २००७ मी भूगोल आणि मराठी शिकवलं. साताऱ्याजवळच्या गावातली मराठी शाळा. नववीच्या वर्गात पृथ्वीचा गोल तिरका धरायचा, एका मुलाच्या हातात बॅटरी द्यायची आणि गोल फिरवत म्हणायचं, "बघा, साडेसहासष्ट अंशांच्या वर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही." मुलं विचारायची, "सर, मग ते लोक झोपतात कधी?" मी ठणकावून उत्तर द्यायचो. कुठून द्यायचो, देव जाणे. उत्तर ध्रुववृत्त सोडा, तोपर्यंत मी दिल्लीच्या पलीकडे एकदाच गेलो होतो. त्या एकदाची गोष्ट पुढे येते आहे.

साउथॅम्प्टनहून बोट निघाली. बोटीचं वर्णन करत नाही, ते सगळेच करतात. एवढंच सांगतो की ध्रुववृत्त ओलांडल्यानंतर आमच्या घरात, म्हणजे केबिनमध्ये, पहिला पेच पडला तो दिवेलागणीचा. आमची सौ. गेली पन्नास वर्षं तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावते. बोटीवर ज्योत पेटवायला बंदी, म्हणून तिने बॅटरीवरचा छोटा दिवा आणला होता. पण लावायचा कधी? सूर्य पश्चिमेला जातो, उत्तरेला सरकतो, थोडा खाली येतो आणि मावळायच्या ऐवजी पुन्हा वर चढायला लागतो! "अहो, हा काही ऐकायला तयार नाही," ती खिडकीतून बघत म्हणाली. शेवटी घड्याळात सात वाजले की दिवा, असं ठरलं.

त्यात मंगळवारी अंगारकी आली. संकष्टीचा उपास सोडायचा तर चंद्र हवा. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र तिकडे क्षितिजाच्या फारसा वर येतच नाही, हे मी तिला पोटतिडकीने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि नातवाला म्हणाली, "पुण्याला चंद्रोदय किती वाजता आहे बघ रे फोनवर." त्याने बघून आपल्याकडची वेळ तिकडच्या घड्याळात करून दिली. संध्याकाळी सातच्या सुमारास, लख्ख उन्हात, हिने पुण्याच्या चंद्राला मनोमन नमस्कार केला आणि उकडलेल्या बटाट्यांवरून वरण-भातावर आली. (वरण म्हणजे बोटीवरच्या आचाऱ्याने डाळीचं जे केलं ते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोट ट्रॉम्सोला लागली.

पुतणीसाठी आधी कामाचं. मोठ्या बोटी पुष्कळदा गावाच्या मध्यात लागत नाहीत, उत्तरेला चारेक किलोमीटरवर ब्रायविका नावाचा धक्का आहे तिथे लागतात. तिथून गावात जायला बस असते. आपली बोट कुठल्या धक्क्याला लागणार हे आदल्या रात्रीच विचारून ठेवावं. परत बोटीवर चढायची शेवटची वेळ वेगळी आणि बोट सुटायची वेळ वेगळी, हेही नीट बघावं. आमची सुटायची साडेचार आणि चढायची चार होती. अंगात रेनकोट हवाच. आणि रस्त्याकडेला पुरुषभर उंचीची, मोठाल्या पानांची, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांची झाडं दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. गावातले लोक गमतीने त्याला ट्रॉम्सोचा पाम म्हणतात. इराण-तुर्कस्तानाकडची ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणली आणि आता ती आवरत नाही. तिचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की फोड येतात. आपल्याकडच्या गाजरगवताची आठवण झाली. ते निदान कुणी हौसेने आणलं नव्हतं.

मुलगा, सून आणि नातू बर्फावर गाडी ओढणारे कुत्रे बघायला गेले. उन्हाळ्यात बर्फ कुठला, पण कुत्रे असतात. आम्हा दोघांना त्यात रस नव्हता. मी रात्री बसून माझी यादी केली होती. एका वहीच्या पानावर वेळेसकट. वनस्पती उद्यान अर्धा तास, लाकडी चर्च पंधरा मिनिटं, आमुंडसेनचा पुतळा पाच मिनिटं, ध्रुवीय संग्रहालय पाऊण तास, पूल, आर्क्टिक कॅथीड्रल, रोपवे, परत. हिने पान हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "यात बसायचं कुठे आहे?"

हिच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं.

वनस्पती उद्यान ब्रायविकाच्या जवळ, विद्यापीठाच्या आवाराला लागून. ते विद्यापीठाच्या संग्रहालयाचंच आहे, १९९४ साली उघडलं, जगातलं सगळ्यात उत्तरेकडचं वनस्पती उद्यान म्हणतात. तिकीट नाही, फाटक नाही, केव्हाही जा. आम्ही टॅक्सीने गेलो. उद्यान म्हटल्यावर मला पेशवे पार्क डोळ्यापुढे होतं. इथे तसं काही नाही. उतारावर खडक रचलेत, आणि खडकांच्या फटींत बोटभर उंचीची रोपं. त्यांना मोहरीएवढी, बटणाएवढी फुलं. आल्प्सची एका बाजूला, आर्क्टिकची दुसऱ्या, आणखी कुठली कुठली. फूल बघायचं तर वाकायला हवं. समोर खाडी आणि तिच्या पलीकडे ट्रॉम्सडालस्टिंड हा बाराशे अडतीस मीटरचा डोंगर, जूनच्या शेवटीसुद्धा खांद्यावर पांढरे पट्टे बाळगून.

"किती बाई नाजूक," असं म्हणत ही एका बाकावर बसली. मी दहा मिनिटांत सगळ्याला एक फेरी मारून आलो. घड्याळ बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही जा. मी इथे बसते."

"एकटी?"

"कोण खाणार आहे मला? एकपर्यंत या."

आता इथे मी थोडा वेळ "छे छे, तुला टाकून कसा जाऊ" वगैरे म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण एकदाच. सव्वादहाला मी बसथांब्यावर होतो. तिच्याजवळ बोटीवरून आणलेलं एक केळं, पाण्याची बाटली आणि छत्री. फोन माझ्याजवळ. तिचा फोन केबिनमध्ये, कारण दोघांच्या फोनला रोमिंगचे पैसे कशाला भरायचे, हा निर्णयही माझाच.

गावात उतरलो. छोटं, नेटकं गाव. वस्ती पाऊण लाखाच्या जरा वर, पण चारी बाजूंनी पाणी आणि डोंगर असल्यामुळे एखाद्या तालुक्याच्या ठिकाणासारखं वाटतं. आपल्या नकाशात ध्रुववृत्ताच्या वर बर्फच रंगवलेला असतो, आणि इथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. उष्ण प्रवाहाची कृपा. मेक्सिकोच्या आखातातून निघालेलं पाणी अटलांटिक ओलांडून इथवर ऊब आणतं. हे मी फळ्यावर लाल खडूने बाण काढून शिकवत होतो. धक्क्यावर वाकून पाण्यात बोटं बुडवली. गार होतं हो! पण गोठलेलं नव्हतं, तेवढं पुरे.

लाकडी चर्च १८६१ चं. गावाचं खरं कॅथीड्रल हेच. ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात ते पलीकडचं 'आर्क्टिक कॅथीड्रल' प्रत्यक्षात त्या भागाचं साधं चर्च आहे. आमुंडसेनचा पुतळा बघितला. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला हा माणूस जून १९२८ मध्ये याच गावातून विमानाने निघाला, बर्फात हरवलेल्या नोबिलेला शोधायला. नोबिले सापडला, वाचला. आमुंडसेन परत आला नाही. ते विमान उडालं त्याला पन्नास वर्षं झाली त्याच तारखेला, १८ जून १९७८ ला, इथलं ध्रुवीय संग्रहालय उघडलं. माझ्या यादीत त्याला पाऊण तास होता, पण बसमध्ये वेळ गेलेला. दारावरून मागे फिरलो. पुतणीने मात्र बघावं. जुन्या जकातीच्या लाकडी गोदामात आहे.

मग २६ नंबरची बस आणि तो एक किलोमीटरचा पूल. १९६० सालचा. पुलाच्या टोकाशी आर्क्टिक कॅथीड्रल, १९६५ चं, यान इंगे होविग या वास्तुशिल्पीचं. पत्त्यांचा बंगला करताना पत्ते उभे टेकवतो तशा पांढऱ्या मोठ्या त्रिकोणी कमानी एकामागे एक, मधल्या फटींतून उजेड आत येतो. आतून पूर्वेकडची अख्खी भिंत रंगीत काचेची. आत फार थोडे लोक होते आणि कुणी बोलत नव्हतं. मी पाच मिनिटं बसलो. बसल्यावर लक्षात आलं, बारा वाजत आलेत.

आता शहाणा माणूस इथून परत फिरला असता. पण यादीत रोपवे होता, आणि रोपवेचा खालचा थांबा तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. रोपवे १९६१ पासून आहे. चार मिनिटांत ४२१ मीटरवर नेतो. तिकिटाचे रुपये करायचे नाहीत असा मुलाचा दम होता, म्हणून केले नाहीत. (नंतर केले. सांगत नाही.) रांग मोठी होती. आमच्याच बोटीवरचे लोक. वर पोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती.

वरून मात्र, मंडळी, भूगोलाचं पुस्तक उघडलेलं असतं. खाली अख्खं बेट, त्यावर गाव, पूल काडीसारखा, पलीकडे आणखी एक खाडी, तिच्यापलीकडे डोंगर, डोंगरांमागे डोंगर. हिमनद्यांनी कोरलेल्या इंग्रजी यू अक्षरासारख्या दऱ्या. फळ्यावर आयुष्यभर काढलेली आकृती समोर हिरव्या-निळ्या रंगात. मला तिथे टिळकांची आठवण झाली. आमच्या वडिलांच्या पिढीला 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' चा फार अभिमान. १९०३ साली लोकमान्यांनी पुस्तक लिहून सांगितलं की वेदांतली उषेची सूक्तं, तीस उषांचे उल्लेख, लांबलचक रात्रींची भीती, हे सगळं ध्रुवाजवळ राहिलेल्या लोकांचंच असू शकतं. आज अभ्यासक ते मान्य करत नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. पण पुण्यात बसून, कुठे न जाता, केवळ ग्रंथ आणि गणित यांच्या जोरावर ध्रुवावरचं आकाश कसं गोल फिरतं, तिथली पहाट किती दिवस रेंगाळते हे त्या माणसाने डोळ्यांनी पाहिल्यासारखं मांडलं. गंमत अशी की जूनमध्ये इथे यावं तर पहाट नावाची गोष्टच नाही. पहाट बघायची तर जानेवारीत यायला हवं. नोव्हेंबरच्या शेवटी गेलेला सूर्य या गावाला डोंगरांवरून २१ जानेवारीच्या सुमारास पुन्हा दिसतो, शाळेतली मुलं त्या दिवशी गोड पाव खातात म्हणे. त्याआधी कितीतरी दिवस दुपारी नुसतं उजाडल्यासारखं होऊन पुन्हा मावळतं.

न पाहता पाहिल्यासारखं सांगणं. टिळकांनी निदान कुठे म्हटलं नाही की मी जाऊन आलो.

रोपवेच्या वरच्या टोकाशी दगडी पायऱ्या येऊन पोचतात. खालपासून वरपर्यंत बाराशेहून जास्त. त्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधल्या, म्हणून त्यांना शेर्पा पायऱ्याच म्हणतात. तरुण मुलंमुली धापा टाकत वर येत होती. मी वाकून दगड पाहिले. घडवून, कोनात कोन बसवून, चुन्या-सिमेंटाशिवाय. असे दगड मी आधी पाहिले होते. घांगरियाच्या वरच्या वाटेवर. आणि तिथे, त्या चारशे मीटरवर, वारा सुटलेला असताना, माझ्या पोटात काहीतरी गोळा झालं.

आता ती गोष्ट.

ऑगस्ट १९८७ मध्ये आम्ही सहा शिक्षक फुलोंकी घाटीला, व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलो. बारा दिवस, बिनपगारी रजा काढून. खरं तर जोडप्यांनी जायचं ठरलं होतं. दोन जोडपी आलीही. हिनेसुद्धा स्वेटर विणून ठेवला होता. पण आईला आदल्या वर्षीच अर्धांगवायू झाला होता, तिचं सगळं अंथरुणात, आणि मुलगा सात वर्षांचा. ही म्हणाली, "तुम्ही जा. मी इथे बसते." हो, तेच शब्द. मी तेव्हाही एकदाच नाही म्हटलं होतं.

घांगरिया तीन हजार मीटरवर. पहिल्या दिवशी घाटीत गेलो, पावसात, गुलाबी तेरड्याच्या रानातून. दुसऱ्या दिवशी हेमकुंड. चार हजार मीटरच्या वर, सरळ चढण. ब्रह्मकमळ आणि निळी पॉपी त्या वाटेवरच वर मिळते. त्या फुलासाठीच तर सगळी यात्रा. अर्ध्या वाटेवर माझं डोकं दुखायला लागलं, दोनदा ओकलो, आणि एका नेपाळी हमालाने मला दंडाला धरून खाली आणलं. बाकीचे पाच जण वर गेले, फूल बघून आले. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी त्याची स्लाइड काढली.

घरी आलो. आई विचारायला लागली, मुलगा विचारायला लागला, ही चुलीपुढून उठून पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. "दिसलं का हो ते फूल?" बारा दिवस हिने एकटीने आईचं सगळं केलेलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आता तिला मी काय सांगणार, की तुला इथे सोडून गेलो आणि अर्ध्यातून ओकत परत आलो?

म्हणालो, "दिसलं." आणि पुढे म्हणालो, "मोरपिशी निळं. एवढं निळं मी कधी पाहिलं नव्हतं." स्लाइडमध्ये तसं दिसत होतं.

एकदा सांगितलं की ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शाळेत स्लाइड दाखवल्या तेव्हा माझी आवाजाची देणगी म्हणून निवेदन मी केलं. वार्षिक अंकात 'निळं फूल' नावाचा लेख लिहिला, तो चांगला झाला असं सगळे म्हणाले. सत्यनारायणाला, लग्नांत, पुढे याच पानावर दोन वेळा. ड्रॉइंगचे सर समोर असले की नुसते हसायचे. ते गेले, मग हसणारंही कुणी राहिलं नाही. ही प्रत्येक वेळी तिथेच असायची, कधी लाडू वळत, कधी चहा गाळत. मी "मोरपिशी" म्हटलं की मान डोलवायची.

तर त्या डोंगरावर उभा असताना ढग आले. पाच मिनिटांत खालचं गाव नाहीसं झालं आणि पाऊस सुरू झाला. सगळे एकदम खाली उतरायला निघाले, रांग इमारतीच्या बाहेर. दीड वाजला. पावणेदोन. मी पुढच्या माणसाला माझ्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, "माय वाइफ, गार्डन, रेन." तो सहानुभूतीने म्हणाला, "नाइस." खाली आलो तर दोन वाजून गेलेले. २६ नंबर समोरून निघून गेली. पुढच्या बसने गावात, मग विद्यापीठाकडे जाणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये. त्यात एक थांबा आधीच उतरलो आणि चढावर धावत सुटलो. पंचाहत्तरी गाठलेला माणूस जसा धावतो तसा.

तीन वाजता बाकापाशी पोचलो. बाक ओला होता. त्यावर कुणी नव्हतं.

त्या दोन-तीन मिनिटांबद्दल फार लिहीत नाही. परदेशात, भाषा नाही, फोन नाही, गुडघे नाहीत, पाऊस, आणि मी दोन तास उशिरा. "अगं ए" अशी हाक मारली. नंतर नावाने मारली. पन्नास वर्षांत चारचौघांत तिला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

"इकडे!" असा आवाज वरच्या बाजूच्या खडकांमागून आला.

ती छत्री घेऊन उभी होती. अंगावर कुणाचातरी पिवळा, लांबलचक रेनकोट. शेजारी हिरव्या पॅन्टमधल्या, गुडघ्यांना मातीने भरलेल्या एक बाई, तिथे खुरपणी करणाऱ्या. दोघी हातवारे करून बोलत होत्या. मी धापा टाकत गेलो, माफीचं भाषण वाटेत तयार केलं होतं, ते सुरू केलं. "अगं रांग होती, पाऊस आला, तू वाट बघत..."

"वाट नव्हते हो बघत," ती म्हणाली. "फुलं बघत होते. या बाईंनी कॉफी दिली. त्यांचेही गुडघे गेलेत." मग तिने छत्री जरा मागे घेतली. "हे बघा. हेच ना ते?"

खडकांमध्ये ओलसर जागी कमरेखालच्या उंचीची रोपं होती, लवदार देठांची. बऱ्याच कळ्या खाली माना घालून. तीन-चार फुलं उमललेली, तळहाताएवढी, पातळ पाकळ्यांची, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. पाकळ्यांवर पावसाचे थेंब. पाटीवर लिहिलं होतं, मेकोनॉप्सिस. हिमालयातली निळी पॉपी. (हेमकुंडाच्या वाटेवरची जात नेमकी हीच असेल असं नाही, कुळ एकच. हे मी बोटीवर परतल्यावर शोधलं.)

"मी पाटी वाचली नाही," ती म्हणाली. "बघितल्याबरोबर ओळखलं. पण तुम्ही मोरपिशी म्हणायचात. हे मोरपिशी कुठंय? तिकडचं वेगळं होतं का?"

तिने सहज विचारलं. खरंच सहज. मी "हो, तिकडचं वेगळं" म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. सदतीस वर्षं झाली होती, आणखी चालली असती. मला दम लागलेला होता. ती बाई आमच्याकडे बघत होती, तिला काही कळत नव्हतं.

मी म्हटलं, "मी पाहिलंच नव्हतं."

"काय?"

"मी वर गेलोच नाही. अर्ध्यातून परत आलो. उलट्या झाल्या म्हणून. ती स्लाइड सरांची."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फुलाकडे पाहिलं. पाऊस छत्रीवर वाजत होता. मला वाटलं आता स्वेटरचं निघेल, आईचं निघेल, बारा दिवसांचं निघेल. निघायला हवंच होतं. तिने ओठ घट्ट मिटले होते. त्या वर्षी आईच्या पाठीला झालेल्या जखमा ती दिवसातून दोनदा धुवायची, ते मला आठवलं, आणि तिलाही तेच आठवत असणार असं वाटलं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे मी आधी पाहिलं."

"हो."

"तुमच्या आधी."

"हो. दोन तास आधी."

"पाच तास," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तशी उठले होते मी."

मग तिने रेनकोट काढून त्या बाईंना दिला, त्यांचे दोन्ही हात हातात धरले. त्या बाईंनी टॅक्सी बोलावून दिली. चारला दहा मिनिटं असताना आम्ही बोटीवर चढलो. कार्ड टेकवल्यावर यंत्र टुंग वाजलं, पहारेकऱ्याने हसून वेलकम बॅक म्हटलं. टॅक्सीत ती काही बोलली नव्हती. केबिनमध्येही नाही. पायमोजे काढून वाळत घातले, गुडघ्यांना तेल चोळलं, साताला दिवा लावला. बाहेर ढग फाटून ऊन आलं होतं.

रात्री जेवणाच्या टेबलावर नातवाने कुत्र्यांची सगळी नावं सांगितली. सून म्हणाली, "आई, तुमचा दिवस फुकट गेला ना? पावसात एकाच जागी बसून." मी मान खाली घालून ताटातले बटाटे बारीक करत होतो. आता ही काय सांगते याची मला धास्ती होती.

"फुकट कशाला?" ही म्हणाली. "आजोबांचं ते निळं फूल नाही का, ते बघितलं मी."

नातू म्हणाला, "मोरपिशी?" त्यालाही पाठ.

"छे रे. मोरपिशी नव्हेच. नीळ असते ना कपड्यांना घालायची, तुम्ही नाही बघितली कधी. बादलीत पाणी घ्यायचं आणि त्यात चिमूटभर नीळ सोडायची. हलवायच्या आधी ती जशी पाण्यात पसरते ना, तसं. तेवढंच निळं. आणि पाकळी अशी की हात लावावा तर विरघळेल."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, असं?"

"मी आज नीट पाहिलं," मी म्हटलं. "ती सांगते तसंच आहे."

ती पुढे त्या बाईंबद्दल सांगू लागली, आणि दोघींनी एकमेकींना गुडघ्यांचे एक्स-रे हवेत कसे काढून दाखवले त्याबद्दल. नातू हसून हसून लोळत होता. दहा वाजले होते, आणि खिडकीतून येणारं ऊन तिच्या ताटात पडलं होतं.